अहवालाखालची सही



रुग्ण आपल्या डॉक्टरांना ओळखतो. परंतु ज्यांच्या निर्णयावर त्याचे औषध ठरते, त्या विकृतिशास्त्रज्ञांची त्याची भेटही सहसा होत नाही. अहवालाच्या तळाची सही, एवढीच त्यांची ओळख.

या सहीमागे एम.बी.बी.एस. नंतर एम.डी. पदवीसाठी घेतलेले आणखी तीन वर्षांचे शिक्षण असते. रक्त घेणे, काचपट्टी तयार करणे हे तंत्रज्ञाचे काम; पट्टीवर दिसते त्याचा अर्थ लावणे आणि त्याची जबाबदारी घेणे हे विकृतिशास्त्रज्ञाचे. अहवालावर विकृतिशास्त्रात पदव्युत्तर अर्हता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला.

जालना ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच परिसरात, सिकंदराबाद येथे, २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी आढळले. पुढे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखू चघळणे व तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधाचा अभ्यास केला. दोघांचेही साधन एकच : सूक्ष्मदर्शक.

आपल्या गावांतही तंबाखूची डबी खिशाखिशांत आहे. तोंडातील व्रण भरून येत नसेल, तर तो कर्करोग आहे की नाही, हे नुसत्या नजरेने निश्चित होत नाही. त्याचा सूक्ष्म तुकडा तपासावा लागतो. म्हणून विनंती एवढीच : अशा रुग्णाला वेळेवर रुग्णालयात पाठवा, आणि अहवाल हाती येताच आकड्यांबरोबर त्याखालचे नाव, अर्हता व नोंदणी क्रमांकही वाचा.