परदेशचा पगार आणि परदेशचा खर्च

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



परभणी जिल्ह्यातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाने जर्मनीतील राहणीच्या खर्चावर बोलावे, हे वरवर पाहता विसंगत दिसेल. परंतु हा विषय कार्यकारी मंडळाने हौसेखातर निवडलेला नाही. अलीकडे जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड अशा गावांहून पालक मजकडे येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "गुरुजी, लेकराला जर्मनीला पाठवावे काय?" या प्रश्नामागे कोठे दोन एकर कोरडवाहू जमीन विकण्याचा बेत असतो, कोठे आईचे डाग गहाण पडावयाचे असतात. तेव्हा उत्तर देणाराने हिशेब मांडूनच दिले पाहिजे. मी तो देश पाहिलेला नाही. तथापि माझे काही विद्यार्थी तेथे राहतात, आणि त्यांनी कळविलेले जमाखर्च मी वहीत उतरून ठेविले आहेत. त्यांच्याच आधारे आज बोलणार आहे.

प्रथम ज्या प्रांताची चर्चा आपल्याकडे विशेष चालते, त्याची ओळख करून घेऊ. जर्मनीच्या नैर्ऋत्येस बाडेन-व्युर्टेंबर्ग नावाचे राज्य आहे. ते १९५२ साली अस्तित्वात आले. लोकसंख्या सव्वा कोटीच्या आत, राजधानी स्टुटगार्ट. मर्सिडीज आणि बॉश या कारखान्यांचे हे माहेर. मर्सिडीजच्या मोटारी आपल्याकडे चाकण येथे तयार होतात, आणि बॉशचा कारखाना नाशिकला आहे. मुंबई व स्टुटगार्ट या नगरांचे भगिनीनगर म्हणून नाते १९६८ पासूनचे आहे. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याविषयी करार केला आणि दहा हजार तरुणांचा आकडा वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक, नळकारागीर अशा हातांची तेथे वाण आहे. कारण त्या देशात वृद्धांची संख्या वाढत आहे आणि कामकरी तरुण अपुरे पडत आहेत. म्हणजे मागणी खरी आहे. ही सारी हवा आहे, असे कोणी समजू नये.

परंतु मागणी खरी असली म्हणून आपण केलेला गुणाकार खरा ठरत नाही. आपल्याकडे कोणी सांगतो, मुलाला तेराशे युरो मिळतात. ऐकणारा लागलीच त्यास रुपयांच्या भावाने गुणतो. २०२४ साली एका युरोस सुमारे ९० रुपये पडत होते. २०२५ च्या उत्तरार्धात तो भाव शंभराच्या वर गेला. गुणाकार होताच लाखाचा आकडा उभा राहतो आणि तोच गावभर फिरतो. या गणितात एक मूलभूत दोष आहे. मिळकत आपण रुपयांत मोजतो आणि खर्च मात्र परभणीच्या बाजारभावाने धरतो. जो युरो तेथे मिळतो, तो प्रथम तेथेच खर्चावा लागतो. तेथे केस कापावयास वीस-पंचवीस युरो पडतात. साध्या उपाहारगृहात एकवेळ जेवावयास बारा-पंधरा. अंथरूण पाहून पाय पसरावे हे आपण मुलांना शिकवितो. पण येथे अंथरूणच दुसऱ्या देशाचे आहे, तर ते आपल्या वितीने मोजून कसे चालेल?

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. माझी एक विद्यार्थिनी स्टुटगार्टनजीकच्या एका गावी परिचर्येचे शिक्षण घेते. त्या देशात अशा शिक्षणाची रीत चांगली आहे: काही दिवस शाळेत धडे, काही दिवस रुग्णालयात प्रत्यक्ष काम, आणि या काळात विद्यावेतन. सार्वजनिक रुग्णालयांच्या वेतनकरारानुसार २०२४ साली पहिल्या वर्षाचे विद्यावेतन दरमहा सुमारे १,३४० युरो होते. रुपयांत ते एक लाख वीस हजार होतात. हा झाला गावात फिरणारा आकडा.

यातून प्रथम सक्तीची कपात होते. निवृत्तिवेतनासाठी ९.३ टक्के, आजारपणाच्या विम्यासाठी आठ टक्क्यांहून थोडे अधिक, बेकारीच्या विम्यासाठी १.३ टक्के, आणि वृद्धापकाळातील शुश्रूषेच्या विम्यासाठी दोन टक्क्यांवर. मालकाचा वाटा याहून वेगळा. या मिळकतीवर आयकर जवळजवळ पडत नाही. तरी कपात सुमारे २८० युरो होऊन तिच्या हाती १,०६० येतात. त्यांतून खोलीचे भाडे ४७०, अन्नधान्य व भाजीपाला २१०, प्रवासाचा मासिक पास २०२४ च्या दराने ४९, दूरध्वनी १५, नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या घरपट्टीचा तिचा अर्धा वाटा ९, आणि साबण, औषध, कपडे, पादत्राणे मिळून ९०. एकूण ८४३. शिल्लक राहिले २१७ युरो, म्हणजे साडेएकोणीस हजार रुपये. यातूनच मायदेशी येण्याचे विमानभाडे साठवावयाचे आणि अडीअडचणीची तरतूद करावयाची.

बंधुभगिनींनो, एक लाख वीस हजार आणि साडेएकोणीस हजार या दोन आकड्यांमधील अंतरातच अनेक घरांचे दुःख दडलेले आहे. घरची माणसे पहिल्या आकड्यावर कर्ज काढतात आणि मुलाला ते दुसऱ्या आकड्यातून फेडावयाचे असते. तो संकोचाने काही बोलत नाही. मग जेवणात काटकसर करतो. थंडीच्या देशात उबदार कोटाला पैसे नाहीत, हे कोणता मुलगा बापाला कळवील?

शिक्षण पूर्ण होऊन नोकरी लागली म्हणजे स्थिती पुष्कळ सुधारते, हेही सांगितले पाहिजे. १ जानेवारी २०२६ पासून तेथील कायदेशीर किमान वेतन तासाला १३.९० युरो झाले. आठवड्यास चाळीस तास काम धरल्यास महिन्याचे सुमारे चोवीसशे होतात आणि कपात व कर जाऊन हाती सतराशेच्या आसपास पडतात. शिकलेल्या कारागिरास व परिचारिकेस याहून पुष्कळ अधिक मिळते. परंतु ती पायरी दोन-तीन वर्षांनंतरची. कर्जाचे व्याज मात्र पहिल्या महिन्यापासून चालू होते.

खर्चाच्या बाबींत सर्वांत जड बाब घराची. तेथे भाडे दोन प्रकारे सांगतात: एक थंड भाडे, म्हणजे नुसत्या जागेचे, दुसरे उबदार भाडे, म्हणजे त्यात खोली तापविण्याचा, पाण्याचा व इमारतीच्या देखभालीचा खर्च धरलेला. जाहिरातीत थंड भाडे पाहून कोणी हुरळून जाऊ नये. विजेचा आकार बहुधा त्याहूनही निराळा असतो. अनामत म्हणून तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत रक्कम घेण्याची घरमालकास मुभा आहे. मात्र ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूस कायद्याने हक्क आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कित्येक घरे रिकामी मिळतात. इतकी रिकामी, की स्वयंपाकाचा ओटाही पहिला भाडेकरू काढून नेतो. म्हणून नव्याने जाणाराने दुसऱ्यांसमवेत सामाईक घरात एक खोली घ्यावी, हेच श्रेयस्कर. राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नाव नोंदवावे लागते. त्या नोंदणीत धर्माची विचारणा होते. तेथील चर्चच्या सभासदांकडून आयकराच्या आठ टक्के कर चर्चसाठी कापला जातो. इतरांस तो लागू नाही. म्हणून तो रकाना समजून भरावा.

अनामत, पहिले भाडे, अंथरूण-पांघरूण, थंडीचे कपडे आणि पगार हाती येईपर्यंतचे जेवण मिळून पहिल्याच महिन्यात दोन ते अडीच हजार युरो जवळ असावे लागतात. विमानभाडे वेगळे.

आता पदवीचे शिक्षण घेण्यास जाणाऱ्यांविषयी. जर्मनीत सरकारी विद्यापीठांचे शिक्षण विनामूल्य आहे, असे सर्वत्र सांगितले जाते. बहुतेक राज्यांत ते खरे आहे. परंतु नेमक्या याच बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सहामाहीस १,५०० युरो शुल्क घेतले जाऊ लागले. हायडेलबर्ग, ट्युबिंगेन, फ्रायबुर्ग ही प्राचीन विद्यापीठे याच राज्यात आहेत. शिवाय प्रवेशपत्र मिळविण्यासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम बंद खात्यात आगाऊ दाखवावी लागते. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली. तीतून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. शंभराच्या भावाने ही रक्कम बारा लाखांच्या घरात जाते. विद्यार्थ्यास वर्षातून १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे. परंतु ते काम मिळेलच असे गृहीत धरून घरातून निघणे शहाणपणाचे नव्हे.

एवढे ऐकून कोणाचा धीर खचू नये. त्या देशात महाग काय आणि स्वस्त काय, याचा क्रम आपल्याहून वेगळा आहे, इतकेच. मनुष्याच्या श्रमाचे मोल तेथे अधिक. म्हणून न्हावी, सुतार, उपाहारगृह ही सर्व महाग. उलट बाजारातील दूध, बटाटे, पीठ, तांदूळ ही मिळकतीच्या मानाने स्वस्त पडतात. जो स्वतः रांधून खातो तो तरतो. ज्यास चहादेखील करता येत नाही, तो बुडतो. म्हणून मुलगा असो वा मुलगी, पाठविण्यापूर्वी भाकरी-भाजी, वरणभात करावयास शिकवा. ही मोठीच शिदोरी आहे. सरकारी शाळांत मुलांना शुल्क नाही. विमा असल्यामुळे शस्त्रक्रियेसाठी शेत विकावे लागत नाही. जी कपात आपणांस जाचक वाटते, तिचा हा मोबदला आहे. निवृत्तिवेतनाच्या बाबतीत भारत व जर्मनी यांचा सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून अंमलात आला आहे.

त्या प्रांताच्या श्वाबेन भागातील लोक काटकसरीविषयी साऱ्या जर्मनीत प्रसिद्ध आहेत. तेथे एकाच इमारतीतील बिऱ्हाडांनी आळीपाळीने आठवडाभर जिना व अंगण झाडावयाचे, अशी जुनी वहिवाट आहे. पाण्याची रिकामी बाटली परत केली म्हणजे २५ सेंट परत मिळतात, आणि चांगल्या पगाराची माणसेही त्या बाटल्या जपून नेतात. यात त्यांना कमीपणा वाटत नाही. आपल्या मुलांनी तेथून काही आणावयाचे असेल, तर मोटारीच्या छायाचित्राआधी ही वृत्ती आणावी.

आता आपल्या मंडळाशी निगडित अशी एक नाजूक गोष्ट. आपल्या वधू-वर सूचीत परदेशस्थ मुलाचे वेतन रुपयांत गुणून लिहिण्याची प्रथा पडत आहे. "दरमहा दोन लाख" असे वाचून मुलीचा पिता आपल्या ऐपतीबाहेर जाऊन लग्न करून देतो. मुलगी तेथे पोहोचते, तेव्हा तिला कळते की कपात, कर आणि दोन माणसांचे भाडे गेल्यावर संसार बेताचाच आहे. यात मुलगा लबाड असतोच असे नाही. आकडाच फसवा असतो. म्हणून माझी नम्र सूचना आहे की, यापुढे सूचीत परदेशातील वेतन त्या देशाच्या नाण्यात, आणि कपात होऊन हाती पडणारे, असेच छापावे.

दुसरी सूचना भाषेविषयी. जर्मन भाषा आल्याखेरीज तेथे परिचारिकेस पूर्ण मान्यता मिळत नाही आणि कारागिरास चांगले काम मिळत नाही. ही भाषा शिकावयास वर्ष-दीड वर्ष सहज लागते, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईस राहण्याचा खर्च परदेशच्या खर्चाआधी येतो. एके काळी खेड्यातील मुलास शहरात शिकता यावे म्हणून समाजासमाजांनी बोर्डिंगे काढली. कारण शाळेच्या शुल्काहून राहण्या-जेवण्याचा खर्चच मुलास मागे ओढीत असे. आजची अडचण त्याच जातीची आहे. मंडळाच्या शिक्षणनिधीतून भाषाशिक्षणाच्या काळापुरते बिनव्याजी साहाय्य देता आले, तर एखाद्या घरची जमीन वाचेल.

तिसरी सूचना पालकांस. दलालाच्या हाती रोकड देऊ नका. नोकरीचा लेखी करार पाहिल्याशिवाय, आणि तो भाषा जाणणाऱ्याकडून वाचवून घेतल्याशिवाय पाऊल उचलू नका. आणि मुलगा गेल्यावर पहिली दोन वर्षे त्याच्याकडून पैशाची अपेक्षा ठेवू नका. फोनवर "किती पाठवतोस?" असे विचारण्यापूर्वी "जेवलास काय?" असे विचारा.

गोदावरीकाठच्या या जिल्ह्यातून आपली मुले दूरदेशी जावीत, कष्टाने नाव मिळवावे, याहून आनंदाची गोष्ट शिक्षकास दुसरी नाही. मी कोणासही जाऊ नका असे सांगत नाही. जाण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून, जमा आणि खर्च एकाच नाण्यात मांडून, शिल्लक काय उरते ते पाहावे, एवढेच माझे सांगणे आहे. तो कागद पाहूनही ज्याचे मन घट्ट राहील, त्याने निःशंक जावे. आपणा सर्वांचे आशीर्वाद त्याच्या पाठीशी आहेत.