बेशरमाच्या काडीतील हायड्रोजन
(खंडेराव गेट, झाशी येथील मराठी श्रोत्यांपुढे केलेले भाषण)



तळ्याकाठी माजणाऱ्या, जांभळट फुलांच्या ज्या झुडपाला बुंदेलखंडात बेशरम म्हणतात, त्याला वऱ्हाडातही बेशरमच म्हणतात. निदान या एका नावाचे भाषांतर मला करावे लागणार नाही. ते विषारी असल्यामुळे गुरे त्याला तोंड लावीत नाहीत.

आपल्या शेजारच्या ओरछ्यात 1996 मध्ये याच झुडपाच्या वाळल्या काड्यांवर वीज निर्माण करणारे केंद्र उभे राहिले. तेथील गॅसिफायरमध्ये काडी अपुऱ्या हवेत जळे, आणि निघणाऱ्या वायूवर इंजिन चाले. अशा वायूत सुमारे एक पंचमांश हायड्रोजन असतो. परंतु जवळजवळ निम्मा भाग हवेतून आलेल्या निरुपयोगी नायट्रोजनाचा असतो.

तेव्हा हवेऐवजी प्राणवायू आणि वाफ दिली तर? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. दासप्पा यांच्या गटाने हेच केले. 2022 मध्ये जाहीर झालेल्या माहितीनुसार, एक किलो जैवभारापासून 100 ग्रॅम हायड्रोजन मिळतो. मुळात एक किलो काडीत हायड्रोजन असतो तो अवघा 60 ग्रॅमच्या आसपास! मग अधिकचा आला कोठून? तो वाफेतून आला. तप्त कार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड वाफेतील ऑक्सिजन ओढून घेतात आणि हायड्रोजन मोकळा होतो.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची वाट निराळी आहे. तेथे सूक्ष्मजीवांचा समूह शेतातील काडीकचरा कुजवून आधी थेट हायड्रोजन निर्माण करतो आणि त्यानंतर मिथेन तयार होतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ‘शेतीतील टाकाऊ पदार्थ’ हे शब्द शहरात बसून लिहिणे सोपे आहे. ज्या प्रदेशात चाऱ्याअभावी गुरे मोकळी सोडण्याची ‘अन्ना’ प्रथा पडली, तेथे गव्हाचा भुसा टाकाऊ कसा? चाऱ्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था 1962 पासून याच झाशीत आहे, हा काही योगायोग मानता येणार नाही. माझ्या मते येथे हायड्रोजनासाठी भुशाला हात लावू नये. बेशरम खुशाल तोडावे.

त्यातही अडचण आहेच. त्याची काडी पोकळ आणि हलकी. गाडी भरलेली दिसते, पण वजन थोडेच भरते. शिवाय ओली काडी भट्टीत घातली तर पुष्कळशी उष्णता पाणी उडविण्यातच खर्ची पडते. म्हणून तोडणी उन्हाळ्यात करून काडी तेथेच वाळवावी लागते.