पु.लं.नी माझ्या आजीवर लिहिलं तेव्हा

आज जरा घरातली गोष्ट सांगतोय. घरचे हा पॉडकास्ट ऐकत नाहीत, म्हणूनच सांगतोय.

दोन वर्षांपूर्वी आजी गेली. बाबांची आई. तेराव्यानंतर एका रात्री मी फॅमिली ग्रुपवर तिच्याबद्दल पंधरा-वीस ओळी लिहिल्या. ती व्हिडिओ कॉलवर आली की स्क्रीनवर नुसतं कपाळ आणि वरचा पंखा दिसायचा. त्या कपाळाकडे बघूनच आम्ही "जेवलास का?"चं उत्तर द्यायचो. असं काहीबाही. दोन अंगठे आले. आत्याने हात जोडले. काकांनी "छान" लिहिलं. बाबांची निळी टिक आली, बास.

आठ महिन्यांनी त्याच ग्रुपवर बाबांनी एक फॉरवर्ड टाकला. सोबत स्वतःची ओळ: "अवश्य वाचा. असं लिहिणारे आता राहिले नाहीत." वाचायला लागलो, तर कपाळ आलं, पंखा आला. अरे, हे तर माझंच! मध्ये कुणीतरी उपदेशाच्या दोन ओळी घातलेल्या, शेवटी गुलाबाची फुलं, आणि त्याखाली ठळक अक्षरांत: पु. ल. देशपांडे.

लगेच फोन लावला. म्हटलं, "बाबा, पु.ल. गेले १२ जून २००० ला. व्हॉट्सअ‍ॅप आलं २००९ मध्ये. त्यांच्या लेखात व्हिडिओ कॉल कसा येईल?"

दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, "द्रष्टा माणूस होता रे."

हसू नका. आपण सगळेच असे आहोत. आपण आधी मजकुराखालचं नाव बघतो आणि मग मजकूर किती आवडून घ्यायचा ते ठरवतो. तेच वाक्य शेजारच्या पोराने म्हटलं तर आगाऊपणा, मोठ्या माणसाच्या फोटोखाली आलं तर सुविचार. निवडणूक जवळ आली की गेलेल्या महापुरुषांनाही नवीनवी वाक्यं सुचायला लागतात, आणि गंमत म्हणजे ती बरोबर आपल्याच पक्षाच्या सोयीची असतात. मीही धुतल्या तांदळाचा नाही. ऑफिसच्या एका प्रेझेंटेशनमध्ये मी आइन्स्टाइनचं एक वाक्य ठोकून दिलं होतं. टाळ्या मिळाल्या. नंतर शोधलं, तर ते त्यांनी कुठे म्हटल्याचं काही सापडेना. स्लाइड मात्र मी बदलली नाही.

आमच्या धंद्यात यावर एक उपाय आहे. 'गिट ब्लेम' अशी कमांड मारली की कोडची प्रत्येक ओळ शेवटची कुणी आणि कधी बदलली ते दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये उलटं आहे. मेसेज पाच किंवा जास्त हातांतून गेला की त्यावर दुहेरी बाण येतो. एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. म्हणजे प्रवास किती झाला याचा हिशोब आहे, पण निघाला कुठून हे लिहिलेलं नाही. रिकामी जागा दिसली की आपण तिथे हाताशी असलेलं सगळ्यात मोठं नाव चिकटवतो.

आणि हे काही मोबाइलने शिकवलेलं नाही बरं का. ज्ञानेश्वरी १२९० ची. हाताने नकला होत होत पुढच्या तीनशे वर्षांत तिच्यात बरेच चुकीचे पाठ शिरले. शेवटी १५८४ मध्ये एकनाथ महाराजांनी बसून ती शुद्ध केली, आणि यापुढे आपल्या ओव्या यात घालू नका असं बजावलं. बजावावं लागलं म्हणजे बघा, घालणारे असणारच! त्यांचाही हेतू वाईट नसेल. आपली ओवी लोकांनी वाचावी एवढंच वाटलं असेल. स्वतःच्या नावावर कोण वाचणार?

असो. फोनवर मी भांडायच्या तयारीत होतो. तेवढ्यात बाबा म्हणाले, "काही म्हण, वाचताना आपली आईच आठवली. तिचंही असंच दिसायचं ना, कपाळ आणि पंखा?"

मला एकदम काही बोलताच येईना. माझ्या नावावर होतं तेव्हा त्यांनी वाचलंच नव्हतं का? की वाचवलं नव्हतं? महिनाभर तर झाला नव्हता तिला जाऊन. तो विचार मी आठ महिन्यांत एकदाही केला नव्हता. मी फक्त लाइक मोजत बसलो होतो.

मग हळूच सांगितलं, "बाबा, ती आपलीच आजी आहे. मी लिहिलं होतं. ग्रुपवर वर जाऊन बघा."

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "मग खाली नाव घालायचं ना, गाढवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी ते पुन्हा ग्रुपवर टाकलं. उपदेशाच्या ओळी काढून, गुलाब काढून. खाली लिहिलं, "लेखक: आमचे चिरंजीव. विषय: आमची आई."

पाच मिनिटांत काकांचा रिप्लाय आला: "छान. पण पु.लं.ची सर नाही."

चला, भेटू पुढच्या भागात. हा भाग कुणाला पाठवलात तर खाली माझं नाव राहू द्या. आणि नसेलच ठेवायचं, तर निदान आजीला आजीच राहू द्या.