कबीर नावाचा हेर

(२४ डिसेंबरच्या रात्री शिवथरच्या बौद्धवाडीत केलेलं भाषण)



उद्या महाडला जायचं म्हणून तुम्ही मुंबईहून आलात, आणि काल रात्री विहाराच्या ओट्यावर बसून 'वॉर २' बघितलात. मीही बघितला. जवळजवळ तीन तास! तेवढ्यात मी एसटीनं महाडला जाऊन परत आलो असतो.

२०२५ सालचा पिक्चर. अयान मुखर्जीचा. हृतिक रोशन आणि एनटीआर. पैसा पाण्यासारखा ओतलाय. विमानावर मारामारी, आगगाडीवर मारामारी, बर्फात मारामारी. निम्मी पोरं झोपली. दोष त्यांचा नाही. हेराच्या गोष्टीत भीती पाहिजे. आपल्यावर कुणाची तरी नजर आहे, पण कुणाची ते कळत नाही, ही भीती. इथं हेर मिरवत येतो, नाचतो, गातो.

एक जागा मात्र मला डाचली. कबीर आणि रघू लहानपणचे जिवलग. साहेब येतो, कबीरला देशसेवेला उचलतो. फाटका रघू मागंच राहतो. मी सरसावून बसलो. म्हटलं, आता बोलेल हा पिक्चर! देशानं कुणाला मागं टाकलं, ते सांगेल. छे! रघूच्या सवालाला जबाब काय, तर पुन्हा गुद्दागुद्दी. आणि हेराचं नाव कबीर! बाबासाहेबांनी ज्याला गुरू मानलं, त्याचं नाव सरकारी बंदुकीला चिकटवलं.

आता खरा हेर सांगतो. तो नाचत नाही. सभेत मागं बसतो आणि लिहून घेतो. १९८२ साली महाराष्ट्र शासनानं बाबासाहेबांच्या चळवळीची साधनं छापली. पहिला खंड उघडा. त्यात ब्रिटिश पोलिसांचे गुप्त अहवाल आहेत. सभा आपली, टिपण पोलिसाचं.

जुनं झालं म्हणता? मग आनंद तेलतुंबडे घ्या. महाडच्या लढ्यावर २०१६ साली त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. २०१९ साली व्हॉट्सअ‍ॅपमधून ज्यांच्या फोनवर पेगासस सोडलं गेलं, त्यांत त्यांचं नाव निघालं. सोडलं कुणी? पेगाससवाली कंपनी म्हणते, आम्ही फक्त सरकारांनाच विकतो. १४ एप्रिल २०२०, ऐन भीमजयंतीला, ते एनआयएपुढे शरण गेले. एकतीस महिने कोठडीत. त्यातले बहुतेक तळोज्यात, आपल्याच रायगड जिल्ह्यात. २०२२ साली हायकोर्टानं जामीन देताना म्हटलं, दहशतवादी कृत्याचा प्रथमदर्शनी पुरावा दिसत नाही. तोवर एकतीस महिने गेले, ते कोण भरून देणार?

ह्यावर काढा की पिक्चर! तीन तास पापणी लवणार नाही. पण त्यात हेर हिरो होणार नाही, म्हणून कुणी काढत नाही.

उद्या भाषणं होतील. तुमच्या खिशात मोबाईल असेल. असू द्या. २५ डिसेंबर १९२७ ला आपल्या लोकांनी मनुस्मृती चोरून नाही जाळली. भर परिषदेत ठराव केला आणि सगळ्यांसमोर जाळली. तेव्हा कुजबुजू नका. मागं बसलेल्याला नीट लिहिता येईल, इतक्या मोठ्यानं बोला.

जय भीम!