सिरिंज, खाट आणि वर उचललेले पाय

(आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



आज औषधाची पेटी न उघडता करायच्या एका उपचाराबद्दल बोलायचे आहे. पण सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी सातपुड्यातल्या एका पाड्यावरून तिशीतली एक बाई माझ्याकडे आली. म्हणाली, "डॉक्टर, मध्येच छातीत कोंबडी फडफडल्यागत होतं, आणि एकदम थांबतं." मी नाडी पाहिली, 80. रक्तदाब ठीक, ईसीजीही ठीक. म्हणालो, "ताई, तुम्ही काळजी फार करता." रक्तवाढीच्या गोळ्या देऊन परत पाठवले. भगताने तिला बाधा सांगितली होती, मी घाबरटपणा सांगितला. त्याने निदान तिचे सगळे ऐकून तरी घेतले होते.

दोन वर्षांनी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धडधड चालू असतानाच तिला आणले. ठोके हाताने मोजता येईनात. ईसीजीवर मिनिटाला 190, अगदी एकसारखे. याला डॉक्टर एसव्हीटी म्हणतात.

हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये विजेचा संदेश पुढे नेणारी एक गाठ असते. काहींमध्ये तिथे जन्मापासून एक जादा वाट असते. कधीतरी संदेश त्या वाटेने मागे वळतो आणि घाण्याच्या बैलासारखा गोल फिरत राहतो. म्हणून ही धडधड बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि तशीच बंद होते. ताप, जुलाब, अंगात रक्त कमी असणे, यांत ठोके हळूहळू वाढतात आणि हळूहळू उतरतात. तिथे मूळ आजारावरच इलाज हवा. "कशी सुरू होते, कशी थांबते?" एवढे मी पहिल्या वेळी विचारायला हवे होते.

मेंदूतून हृदयाकडे येणारी व्हेगस नावाची नस त्या गाठीला लगाम घालते. ती चेतवली की गाठ क्षणभर संदेश अडवते आणि फेरा तुटतो. त्यासाठी जोर लावायची युक्ती वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याने ती 1704 साली सांगितली होती कानातला पू काढण्यासाठी!

आता कृती. रुग्णाला खाटेवर उशांना टेकवून अर्धवट बसवा. 10 मिलीच्या नव्या सिरिंजची सुई काढून टाका. तोंडाने तिच्यात असे फुंकायला सांगा की दट्ट्या जेमतेम हलेल. पंधरा सेकंद, मध्ये श्वास न घेता. फुंकणे संपताच उशा काढून त्याला सपाट झोपवा आणि दोन्ही पाय अर्धे वर उचलून पंधरा सेकंद धरा. पाय रुग्णाने उचलायचे नाहीत, तुम्ही उचलायचे. पायांतले रक्त हृदयाकडे धावते आणि नस जोरात चेतते. 2015 साली इंग्लंडमध्ये 428 रुग्णांवर हे तपासले. नुसते बसून फुंकणाऱ्यांपैकी 17 टक्क्यांची लय मिनिटभरात जागेवर आली, पाय उचललेल्यांपैकी 43 टक्क्यांची. म्हणजे निम्म्यांहून जास्त लोकांना पुढे इंजेक्शन लागतेच, हेही ध्यानात ठेवा.

हे कोणाला करायचे? ईसीजीवर ज्याचे निदान आधी झाले आहे आणि डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, त्यालाच. पहिलाच झटका असेल तर फोन करा, केंद्रात आणा. चक्कर येऊन पडला, छातीत दुखते, दम लागला, रक्तदाब उतरला, तर फुंकण्यात वेळ घालवू नका, 108 ला लावा. तान्ह्या बाळावर पाड्यावर यातले काहीच करायचे नाही. मानेची नस चोळणे डॉक्टरांवर सोडा. म्हाताऱ्या माणसाला त्यातून पक्षाघात होऊ शकतो. आणि डोळे दाबायची जुनी पद्धत कोणी शिकवली असेल तर विसरा, त्याने डोळा जातो.

त्या बाईला पहिल्यांदा फुंकायला लावले, काही झाले नाही. दुसऱ्यांदा पाय वर धरले असताना पडद्यावरची रेघ क्षणभर सपाट झाली. माझाच श्वास अडकला. मग ठोके आले, 88. ती डोळे मिटून म्हणाली, "हेच मी तेव्हा सांगत होते."

पुढे तिला शहरात अ‍ॅब्लेशनसाठी पाठवायचे ठरले, पण पावसाळा आणि भाताची लावणी यांत वर्ष गेले. त्या वर्षात घरच्या कुडात सिरिंज खोचलेली असायची आणि नवरा पाय धरायचा. तीनदा जमले, एकदा जमले नाही, तेव्हा रात्री जीपने आणले.

खाटा मागे मांडल्या आहेत. दोघादोघांच्या जोड्या करा, मी सिरिंज वाटतो. खरे फुंकायचे नाही, फक्त झोपवणे आणि पाय उचलणे नीट बसवायचे.