पायाची शीर, औषधाचा फुगा आणि त्याची परीक्षा



मंडपात शिरतानाच एका गृहस्थांनी माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. तीवर नाव नाही. मजकूर असा : वडील बंधूंना मधुमेह आहे, अंगठ्याची जखम तीन महिने भरत नाही, गुडघ्याखालची शीर बंद झाल्याचे निघाले आहे. डॉक्टर म्हणतात, साधा फुगा घालू या की औषध लावलेला? औषधाचा फुगा बराच महाग आहे. काय करावे? माझे भाषण मी वेगळ्या रीतीने सुरू करणार होतो. पण आता ते या चिठ्ठीचे उत्तर म्हणूनच ऐकावे.

खाप्यात ज्यांच्या घरच्या दोन-तीन पिढ्या मागावर बसल्या, त्यांना पायाची किंमत मी काय सांगणार? खड्ड्यात पाय सोडून पट्टी दाबल्याशिवाय धोटा पुढे सरकत नाही. त्या पायाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या गुडघ्याखाली तीन शाखांत विभागतात आणि त्यांची जाडी दोन-तीन मिलिमीटरच असते. मधुमेहाने, विडी-तंबाखूने आणि वयोमानाने त्यांच्या भिंतींवर चरबी आणि चुना साचत जातो. आधी चालताना पोटरी दुखते, मग रात्री अंथरुणात पाय ठणकतो, आणि शेवटी जखम भरेनाशी होऊन बोट काळे पडते. मधुमेहात पायाची संवेदनाच बोथट होत असल्यामुळे पुष्कळांना मधल्या पायऱ्या कळतच नाहीत. ते थेट काळे बोट घेऊन येतात.

पूर्वी यावर पाय कापणे हाच बहुधा उपाय असे. १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांच्याकडे एक ८२ वर्षांची वृद्धा आली. पाय कापू देण्यास तिने साफ नकार दिला. डॉटर यांनी त्वचेतून नळी घालून अरुंद झालेली रोहिणी आतूनच रुंद केली. ती बाई पुढे स्वतःच्या पायांवर चालली. दहा वर्षांनी, १९७४ मध्ये, झुरिकच्या आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी त्या नळीच्या टोकाला फुगा बसवला. जांघेतून तार न्यायची, अडथळ्यात फुगा फुगवायचा, मग तो मिटवून बाहेर काढायचा, ही रीत तेव्हापासूनची.

पण फुगा भिंतीला दुखवतो. दुखावलेली भिंत भरून निघताना तिच्या पेशी वाजवीपेक्षा जास्त वाढतात आणि काही महिन्यांत मार्ग पुन्हा बुजतो. गुडघ्याखाली हे फार होते. तेव्हा विचार निघाला की, फुग्यावरच पेशींची वाढ रोखणारे औषध लावले तर? यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलेले पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचे औषध त्यासाठी निवडले गेले. फुगा मिनिटभर भिंतीला टेकतो, औषध तिच्यात उतरते, आणि आत धातूचे काहीही राहत नाही. कल्पना इतकी सरळ की ऐकताच पटावी. मलाही पटली होती.

येथे विणकराची एक गोष्ट आठवावी. दोन रंगांतला पक्का कोणता हे पाहायचे तर जाणता माणूस एक रंग नव्या सुताला आणि दुसरा जुन्या सुताला देत नाही. एकाच सुताच्या लडी करतो, एकाच पाण्यात धुतो, एकाच उन्हात वाळवतो. वैद्यकातही तेच. कोणाला कोणता फुगा मिळणार हे डॉक्टरांनी किंवा रोग्याने ठरवायचे नाही, चिठ्ठी टाकून ठरवायचे. मग वर्षभर मागोवा घ्यायचा.

इटलीतील एका रुग्णालयात १३२ मधुमेही रोग्यांवर अशी परीक्षा झाली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षअखेर साध्या फुग्यानंतर १०० पैकी ७४ रोहिण्या पुन्हा अरुंद झाल्या होत्या, औषधाच्या फुग्यानंतर फक्त २७. आनंद व्हावा असाच निकाल! पण त्याच बनावटीच्या फुग्याची युरोपातील अनेक रुग्णालयांत ३५८ रोग्यांवर परीक्षा झाली, तिचा निकाल २०१४ मध्ये छापून आला. त्यात रोहिणी मोकळी राहण्यात काही लाभ दिसला नाही. उलट मोठे अंगच्छेदन औषधाच्या गटात १०० मागे ८.८ आणि साध्या गटात ३.६ झाले. हा फरक केवळ योगायोगाचा असू शकतो, असे गणित सांगत होते. तरी बनवणाऱ्या कंपनीने तो फुगा २०१३ अखेरीसच बाजारातून काढून घेतला. चुन्यामुळे औषध भिंतीत नीट उतरत नसावे, किंवा लेपाचे कण सुटून पावलाच्या बारीक वाहिन्यांत अडकत असावेत, असे तर्क झाले. ते तर्कच आहेत.

मग २०१८ मध्ये आणखी एक धक्का बसला. अनेक परीक्षांचे आकडे एकत्र केल्यावर मांडीच्या रोहिणीत हे औषध घेतलेल्यांत काही वर्षांनी मृत्यू अधिक दिसले. जगभर खळबळ उडाली. पुढे अधिक माहिती तपासून, २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी ती भीती आकड्यांना धरून नाही असे जाहीर केले. स्वीडनमध्ये धोक्यात आलेल्या पायांच्या २,३०० हून अधिक रोग्यांवर झालेल्या परीक्षेचा निकाल २०२५ मध्ये आला : औषध लावलेल्या साधनांनी पाय कापण्याचे प्रमाण कमी झाले नाही.

म्हणजे सगळे फोल ठरले का? नाही. मांडीच्या रोहिणीत हे फुगे मार्ग अधिक काळ मोकळा ठेवतात, हे अनेक परीक्षांत दिसले आहे. गुडघ्याखाली आता सिरोलिमस या दुसऱ्या औषधाच्या फुग्यांची परीक्षा चालली आहे. त्यांतला एक आपल्या शेजारच्या सुरतेतील कंपनीचा आहे. हे औषध ईस्टर बेटावरच्या मातीतील जंतूंपासून मिळाले आणि ते शोधण्यात भारतात शिकलेले सुरेंद्रनाथ सहगल हे प्रमुख होते, हे जाता जाता सांगतो. शिवाय औषध सोडत सोडत विरघळून जाणारी जाळी अमेरिकेत २०२४ मध्ये गुडघ्याखालच्या रोहिण्यांसाठी मान्य झाली.

आता चिठ्ठीकडे. पहिली गोष्ट, रक्ताचा मार्ग लवकर उघडणे महत्त्वाचे. फुग्याच्या निवडीसाठी आठवडे घालवू नका. बायपासची शस्त्रक्रिया आपल्या रोग्यास अधिक योग्य आहे का, हेही विचारा. दुसरी, अडथळा फक्त गुडघ्याखाली असेल, तर महाग फुग्याने पाय वाचतोच असे सिद्ध झालेले नाही. त्यासाठी कर्ज काढू नका. तिसरी, एखाद्या परीक्षेत सामील व्हा असे कोणी म्हटले तर घाबरू नका. भारतात अशा परीक्षांची नोंद सरकारी नोंदवहीत होते. तो नोंदणी-क्रमांक मागा, संमतिपत्र मराठीत मागा आणि घरी वाचून मग सही करा. नकार दिला म्हणून नेहमीचे उपचार कोणी थांबवू शकत नाही. आणि बंधू विडी ओढत असतील तर ती आज रात्रीपासून बंद.

चिठ्ठी लिहिणाऱ्या गृहस्थांनी तपासणीचे कागद आणले असतील तर सभा संपल्यावर मला भेटावे. मी अर्धा तास येथेच आहे.