केटामाइन : भुलीच्या औषधाकडून मनाच्या उपचाराकडे

(वैद्यकीय अधिकारी व आरोग्य कार्यकर्ते यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्यापैकी अनेकांना केटामाइन हे औषध शस्त्रक्रियागृहातले म्हणून परिचित आहे. अलीकडे मात्र रुग्णांचे नातेवाईक आपल्याला वेगळाच प्रश्न विचारू लागले आहेत : "डॉक्टर, या इंजेक्शनाने एका दिवसात नैराश्य जाते म्हणतात, ते खरे का?" या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. आशा आणि सावधगिरी या दोन्हींना त्यात जागा द्यावी लागते.

पूर्वपीठिका

१९६२ मध्ये अमेरिकेतील पार्क-डेव्हिस कंपनीत कॅल्व्हिन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने केटामाइन तयार केले. १९७० मध्ये तेथे भुलीचे औषध म्हणून त्यास मान्यता मिळाली आणि व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांसाठी ते वापरले गेले. याने सहसा श्वसन मंदावत नाही आणि रक्तदाबही टिकून राहतो. त्यामुळे जेथे यंत्रसामग्री अपुरी, वीज बेभरवशाची आणि भूलतज्ज्ञ दुर्मीळ, अशा ठिकाणी ते वरदान ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

२००० साली येल विद्यापीठातील संशोधकांनी मोजक्याच नैराश्यग्रस्तांना भुलीच्या मात्रेपेक्षा बरीच कमी मात्रा शिरेतून दिली. काही तासांतच त्यांची लक्षणे कमी झाली. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कार्लोस झराते व सहकाऱ्यांनी, इतर औषधे निष्फळ ठरलेल्या रुग्णांवर हाच प्रयोग केला. एका दिवसात ७१ टक्के रुग्णांना लक्षणीय उतार पडला. तो आठवडाभर टिकला मात्र ३५ टक्के रुग्णांतच. या औषधाची ताकद आणि त्याची मर्यादा, दोन्ही या दोन आकड्यांत सामावलेल्या आहेत.

नेहमीच्या नैराश्यरोधक औषधांचा भर मुख्यतः सेरोटोनिनसारख्या रसायनांवर असतो आणि त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. केटामाइन ग्लुटामेट या रसायनाशी निगडित एनएमडीए नावाच्या ग्राहकांना अडविते. त्यातून चेतापेशींमधील कोमेजलेल्या जोडण्या पुन्हा वाढीस लागतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे. मानवी मेंदूतील संपूर्ण प्रक्रिया मात्र अद्याप उलगडलेली नाही.

लाभ आणि धोके

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, मनोविकृतीची लक्षणे नसलेल्या परंतु औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ४०३ रुग्णांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटास केटामाइन, तर दुसऱ्यास विद्युत उपचार देण्याचे ठरले. तीन आठवड्यांनंतर केटामाइनच्या गटात ५५ टक्के, तर विद्युत उपचारांच्या गटात ४१ टक्के रुग्णांना गुण आला. स्मरणशक्तीवरील परिणामही केटामाइनमुळे कमी झाला. भूल देऊन केलेल्या विद्युत उपचारांचे मोल यामुळे कमी होत नाही; मनोविकृतीयुक्त किंवा अतितीव्र नैराश्यात ते आजही मोलाचेच आहेत.

आता दुसरी बाजू. औषध चालू असताना रुग्णास स्वतःच्या शरीरापासून अलग झाल्यासारखे वाटते आणि रक्तदाब वाढतो. वारंवार गैरवापर केल्यास मूत्राशयास गंभीर इजा होते. व्यसनाचा धोका तर आहेच. यासाठीच अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळालेला एस्केटामाइनचा नाकातील फवारा रुग्णास घरी दिला जात नाही. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेऊन किमान दोन तास तेथेच थांबावे लागते. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने तर, खर्चाच्या तुलनेत लाभ सिद्ध होत नसल्याने, २०२२ मध्ये या फवाऱ्याची शिफारस केली नाही. केटामाइनच्या साध्या इंजेक्शनास अमेरिकेत आजही मान्यता आहे ती भुलीसाठीच. नैराश्यासाठी ते देणारे डॉक्टर स्वतःच्या व्यावसायिक जबाबदारीवर देतात.

आपल्या देशाचे वास्तव

भारतात २०११ मध्ये केटामाइन अमली पदार्थविषयक कायद्याखाली मनोप्रभावी द्रव्य म्हणून अधिसूचित झाले. पुढे ते औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 'एक्स' अनुसूचीतही आले. चोरटी निर्यात व गैरवापर रोखण्यासाठी हे आवश्यकच होते. मात्र २०१५ मध्ये, केटामाइनवर आंतरराष्ट्रीय निर्बंध घालण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने त्यास अनुकूलता दर्शविली नाही. गरीब देशांतील शस्त्रक्रिया त्यामुळे अडतील, ही चिंता त्यामागे होती. नियंत्रण हवे, पण ते ग्रामीण रुग्णालयातील मातेच्या शस्त्रक्रियेच्या आड येऊ नये, हा तोल आपल्यालाही सांभाळावयाचा आहे.

याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, विकारांच्या प्रकाराप्रमाणे ७० ते ९२ टक्के व्यक्तींपर्यंत उपचारच पोहोचत नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. दोन औषधांना दाद न दिलेला रुग्ण केटामाइनसाठी पात्र मानला जातो. आपल्या गावातील रुग्णास तर पहिलेच औषध मिळालेले नसते. पायरीच नसताना त्यास वरच्या मजल्याचे आश्वासन देणे योग्य नव्हे.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील साधी, स्वस्त औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात खंड न पडता मिळावीत, आणि समुपदेशन तेथेच उपलब्ध व्हावे. दुसरी, केटामाइन उपचार मनोविकारतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ दोघेही उपलब्ध असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयांतच, लेखी संमती व पाठपुराव्याच्या नोंदींसह व्हावेत. हे औषध स्वस्त आहे आणि या संस्थांत ते आधीपासूनच आहे. तेव्हा खऱ्या गरजू रुग्णास ते केवळ महानगरातील खासगी दवाखान्यात, भरमसाट शुल्क देऊनच मिळावे, असे काही कारण नाही. तिसरी, 'एका दिवसात बरे' अशा जाहिरातींवर आपण डोळस नजर ठेवावी.

आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा गृहीत धरतो आणि तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर सोपवितो. २०२२ पासून 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहे. आपल्या उपकेंद्राच्या भिंतीवर तो ठळक अक्षरांत लिहिण्याचे काम कोणत्याही नव्या औषधाची वाट न पाहता उद्याच करता येईल. ते आपण कराल, असा मला विश्वास वाटतो.